रुख्मिणीची खोली

"दत्तराव, तुमची भाची आमच्या भुजंगाला द्या की," चहाची कपबशी पुढं करत कमलबाई म्हणाल्या. "माझ्या भावाचं पोरगं हाय, घरची बागायत हाय. पोरगी लय कामाची हो. शेतातून आली की मला भाकरी करू लागती."

दत्तरावांना पहिल्याच घोटाला ठसका लागला. उंबऱ्याशी बसलेल्या रुख्मिणीने त्यांच्याकडे पाहिलं.

ती त्यांची भाची नव्हती. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना कार्यानुभवासाठी हंगामभर गावात राहावं लागे आणि त्यांची सोय लावणं हे तिथले प्राध्यापक असलेल्या दत्तरावांचं काम. रुख्मिणी कळमनुरीकडची, आंध आदिवासी. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे वातावरण तापलेलं. पिंगळीच्या पुढच्या या गावात नावाआधी जात विचारत. "बहिणीची पोर आहे," दत्तराव सहज बोलून गेले होते. कमलबाईंकडे खोली लगेच मिळाली. आपण पोरीचं भलंच केलं, असं त्यांना आजवर वाटत होतं.

"पत्रिका बघू आधी," ते पुटपुटले.

"असू द्या सर." रुख्मिणी उठून उभी राहिली. "मावशी, मी सरांची भाची न्हाई. मी आंध हाय."

 कमलबाई दत्तरावांकडे वळल्या. "पोरीचं सोडा. तुमी पांढऱ्या केसांचे, तुमी खोटं बोललात?"

कमलबाईंनी रुख्मिणीची ट्रंक बाहेर ओट्यावर आणून ठेवली.

"दुसऱ्या गावात बघतो," दत्तराव हळूच म्हणाले. "तिथं सांगू काहीतरी."

"काहीतरी न्हाई सर. आन् दुसरं गाव बी न्हाई. माझा ज्वारीचा प्लॉट हितं हाय. तो सोडला तर वर्ष गेलं."

दत्तरावांनी ट्रंक खांद्यावर घेतली.

"आंध समाजाची विद्यार्थिनी आहे. खोली हवी," ते दारोदार सांगत गेले. कुणाच्या खोलीत कडबा होता, कुणाकडे पाहुणे येणार होते. पारावरून कुणीतरी विचारलं, "सायब, हमाली कवाधरनं?" माणसं हसली.

वेशीजवळच्या कस्तुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "गोठा हाय. म्हस इकली तवापासून रिकामाच. चालंल का?"

"चालंल," रुख्मिणी म्हणाली. "सर, किडीच्या नोंदी आजच घ्यायच्यात. मी जाते."

ती शेताकडे गेली. दत्तरावांनी सदरा काढून खुंटीला अडकवला, वाळलेल्या शेणाचे पोपडे खुरप्याने खरवडले आणि खराटा हातात घेतला. पारावरची माणसं येऊन दारात उभी राहिली. दत्तरावांनी मान वर केली नाही. गव्हाणीखालचा कोपरा झाडायचा राहिला होता.