बहिणीचे दोन दात

सीमेवरच्या अल्गोदोनेस गावात दर दुसऱ्या दाराला दातांचा दवाखाना आहे. सीमेपलीकडचे गोरे म्हातारे-म्हाताऱ्या सकाळी पायीच फाटक ओलांडून येतात, कारण त्यांच्याकडे जेवढ्या पैशांत एक दात होतो तेवढ्यात इथे चार होतात. अशी गिऱ्हाइकं फाटकापाशी गाठायची आणि डॉक्टर सेपुल्वेदांकडे न्यायची, हे नेलिदाचं काम. बोलताना ती वरचा ओठ ताणून धरायची. तिचेच पुढचे दोन दात अर्धे तुटलेले होते.

लहानपणी ती आणि धाकटी ओरालिया एकाच सायकलवरून कालव्याच्या सिमेंटच्या काठावर आपटल्या होत्या. दोघींचे पुढचे दोन-दोन दात अर्धे तुटले. गोऱ्यांच्या डॉलरमधला भाव त्यांच्या बापाला कुठला परवडायला? तेव्हापासून दोघी तोंडावर हात धरूनच हसायच्या. दोघींचं सारखंच आहे, नेलिदाला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटायचं.

एके दिवशी ओरालिया घरात शिरली ती हात खाली सोडून, खुशाल हसत.

“कुणी केले?” नेलिदानं विचारलं.

“तुझ्याच डॉक्टरांनी. त्यांना खायला मक्याचे तमाले द्यायला गेले होते, सहज विचारलं, माझे दात कितीला पडतील? ते म्हणाले, पाटीवर फोटो लावू देशील तर फुकट!”

“छान दिसतायत,” नेलिदा म्हणाली. आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

पुढच्याच आठवड्यात फाटकासमोर भली मोठी पाटी लागली. एका बाजूला ओरालियाचे तुटके दात, दुसऱ्या बाजूला नवे. आता गिऱ्हाइकं पाटीकडे बोट दाखवून म्हणायची, “असे हवेत.” आणि नेलिदा त्यांना मुकाट्यानं घेऊन जायची.

नाताळाच्या आधीच्या रविवारी मावशीच्या अंगणात पोरांनी खाऊनं भरून टांगलेली पिन्याता काठीनं फोडली. शेंगा, संत्री, उसाच्या कांड्या, सगळं खाली सांडलं. नेलिदानं एक जाडजूड कांडी उचलून बहिणीपुढे धरली.

“डॉक्टर म्हणालेत, पुढच्या दातांनी कडक खायचं नाही,” ओरालिया म्हणाली.

“बघा गं बाईसाहेबांचे नखरे! पाटीवर गेली आणि ऊस विसरली!” नेलिदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

सगळे हसले. ओरालियानं ईर्ष्येनं चावा घेतला आणि एक दात उसातच राहिला. ती तोंड झाकून रडत आत पळाली. लोक तिच्यामागे धावले. नेलिदानं उसातला दात हळूच काढला, मोरीत जाऊन आरशासमोर उभी राहिली आणि तो आपल्या तुटक्या दातावर टेकवून पाहिला. बसेना. उलटा करून पाहिला, तरी बसेना.

दारात ओरालिया उभी होती.

“मुद्दाम दिलास ना ऊस?”

“हो, मुद्दाम! इतकी वर्षं मी त्याचा दवाखाना भरते, आणि दात तुला?”

“तू कधी मागितलेस?”

“रोज त्याच्यापुढे तोंड उघडते मी! त्याला दिसत नाही?”

ओरालियानं तिच्या हातातला दात हिसकावून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसवायला दोघी एकत्र गेल्या. काम झाल्यावर नेलिदानं धीर करून विचारलं, “डॉक्टर, आणि माझे?”

“आता पाटी झाली गं,” सेपुल्वेदा म्हणाले. “तुझे निम्म्या भावात करू. दलालीतून कापून घेईन.”

नेलिदा तडक रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “माझे दोन दात करून द्या, उद्यापासून माझी गिऱ्हाइकं तुमची.”

बाई हसल्या. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि रंगांचे नमुने पुढे धरले. “तुझ्या बाकीच्या दातांना हा जुळतो.”

“नको. पाटीवरच्या मुलीपेक्षा पांढरे हवेत.”

“अगं, भिंतीला दोन फरशा चिकटवल्यासारखे दिसतील.”

“दिसू देत.”

आणि दिसलेही तसेच. नवे दात घेऊन ती घरी आली, तेव्हा ओरालिया मक्याचं पीठ मळत होती. तिनं मान वर केली आणि बघतच राहिली. मग वरचा ओठ ताणून धरत तुसडेपणानं विचारलं, “कितीला पडले?”

“फुकट,” नेलिदा म्हणाली, आणि पोट दुखेपर्यंत हसली.