साठ ते सत्तर

मेडिकलचा नंबर हुकला म्हणून मी डेंटलला आले. हे मी कधी लपवलं नाही, कारण आमच्या वर्गात निम्म्यांची हीच कथा आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरचाच दवाखाना. पण कुणी विचारलं की सगळे कसे एका सुरात "सेवा" म्हणतात! अरे, कसली सेवा? बारावीत किती पडले ते सांगा ना.

राहिले मात्र मी स्वतःच्या मर्जीने. तिसऱ्या वर्षी एका आजींना कवळी बसवली. आरशात बघून त्या तोंडावर हात न ठेवता हसल्या, आणि मी ठरवलं की करीन तर हेच. पुढचं शिक्षणही कवळी विभागातच घ्यायचं. अट एकच, शेवटची परीक्षा पहिल्या झटक्यात पास. नापास झालं की त्या वर्षीपुरतं दार बंद.

मामाला हे खूळ वाटायचं. त्याचा दवाखाना चकचकीत, दात पांढरे करून घ्यायला माणसांची रीघ. "तुझी खुर्ची तयार ठेवलीये," म्हणायचा. "म्हाताऱ्यांच्या तोंडात जन्म घालवणार आहेस का?"

"हो, घालवणार," मी म्हणायचे. आई डोळे वटारायची.

आमच्या परीक्षेची तऱ्हाच न्यारी. पेशंट आपला आपण आणायचा. त्यामुळे परीक्षा जवळ आली की आम्ही बागेत, बसस्टॉपवर अनोळखी म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसतो. आजवर मार खाल्ला नाही हे नशीब. मला बागेत मास्तर सापडले. निवृत्त शिक्षक, तोंडाचं पार बोळकं झालेलं.

"खाण्याचं राहू दे, पोरी," ते म्हणाले. हे कळायला मला दोनदा विचारावं लागलं. "मला बोलायला दात हवेत. लेक परगावी असते. फोनवर माझं बोलणं तिला उमगत नाही. नुसतं 'हो बाबा, हो बाबा' करते. न कळता म्हटलेला 'हो' मी जन्मभर वर्गात ऐकलाय गं."

परीक्षेच्या दिवशी मेणात दात मांडले, मास्तरांच्या तोंडात बसवले. काय दिसत होते म्हणून सांगू! शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण, जिला आम्ही सुपरफास्ट म्हणतो, मान वळवून म्हणाली, "एक नंबर! बोलव परीक्षकांना."

पण रीत अशी की आधी पेशंटकडून साठ ते सत्तर आकडे म्हणवून घ्यायचे. 'स' स्वच्छ आला तर दात जागेवर. घाईत सगळे हे गाळतात, कारण परीक्षक डोळ्यांनी तपासतात, कानांनी नाही. मी म्हटलं, "मास्तर, म्हणा."

"साठ," मास्तर म्हणाले, आणि शीळ वाजली. एकसष्टला पुन्हा शीळ. बासष्टला पलीकडचा पेशंट वळून बघायला लागला.

चूक माझीच. ओठ भरलेला दिसावा म्हणून पुढचे दात मी जास्तच पुढे आणले होते.

"आता उखडत बसू नकोस," सुपरफास्ट कुजबुजली. "वेळेत होणार नाही. आधी पास हो, मग बघ."

मग काय बघू, कपाळ? परीक्षकांची सही झाली की कवळी तशीच पक्की होते. मेण जातं, कडक प्लॅस्टिक येतं.

"राहू दे, मला चालेल," मास्तर म्हणाले. ते 'चालेल' ऐकून माझं डोकंच फिरलं.

"मला नाही चालणार," मी म्हटलं आणि दिवा पेटवला.

मेण मऊ केलं, पुढचे सहाही दात काढले. परत मांडताना धक्का लागून एका बाजूच्या दाढाही निखळल्या. परीक्षक आले तेव्हा पुढचे दात नीट होते आणि दाढा ट्रेमध्ये. मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शांतपणे म्हणाले, "परीक्षेला वेळ असते, डॉक्टर," आणि पुढे गेले. त्यांचं काही चुकलं नाही.

निकाल लागला. मी नापास. आईने दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी मामाचा फोन आला. "झाली हौस? ये आता इकडे."

"मामा, ती खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. मी सहा महिन्यांनी परत परीक्षेला बसणार, आणि शिकणार ते कवळ्यांचंच."

"हट्टी कुठली!"

"तुझीच भाची."

दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन दाढा बसवल्या. आठवडाभरात कवळी पक्की झाली. ती घालून मास्तरांनी साठ ते सत्तर म्हटलं, खणखणीत. मग खुर्चीतूनच लेकीला फोन लावला. घर विकून टाकणार आहे, म्हणाले.

"मुळीच नाही हं, बाबा!" फोनमधून एवढ्या जोरात आलं की मलाही ऐकू गेलं. "मी विकू देणार नाही!"

"घर माझं आहे!" मास्तर गरजले, आणि बापलेक कडाकडा भांडायला लागले. भांडता भांडता मास्तरांचे डोळे भरून आले होते, तरी ते थांबेनात.

निकालाच्या दिवशी मी रडले नव्हते. त्या दिवशी मात्र तिथेच, हातमोज्यांसकट, भोकाड पसरलं.