हार्लनचा तीन रांगांचा बाजा

ओझेमी लव्हर्नच्या लेखी माणसं दोनच प्रकारची होती: नाचणारी आणि खुर्च्या अडवणारी. तिचा एकुलता एक मुलगा हार्लन दुसऱ्या प्रकारातला, हे तिनं चर्चच्या पायऱ्यांवर भेटेल त्याला सांगून झालं होतं. अडतिसाव्या वर्षी या ठोंब्याला अकॉर्डियन शिकायची लहर आली.

"आई, बाबांचा बाजा दे ना."

"हात लावून बघ, बोटं मोडून ठेवीन."

नवरा अल्सी गेला त्याला सहा वर्षं झाली होती. त्याचा एका रांगेचा, दहा बटणांचा बाजा तिनं कपाटात कुलूप लावून ठेवला होता. लॉटेल गावच्या चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरनंतरचा पहिला नाच म्हणजे अल्सीचा बाजा, आणि शेजारी छातीवर नागमोडी पत्रा अडकवून, बाटल्या उघडायच्या ओपनरनी तो खरवडणारी ओझेमी. अल्सीनंतर चुलत दिरानं वेळ निभावली. यंदा तोही मुलाकडे ह्यूस्टनला गेला. हॉलच्या मंडळींनी तोंडावर सांगितलं होतं की या खेपेला नाच रंगला नाही, तर पुढे गावातलाच विल्बर्ट आपल्या मशीनवर तयार गाणी लावेल. म्हणजे ओझेमीचा पत्रा कायमचा खिळ्याला. आणि लावणार कोण, तर विल्बर्ट! झायडको, म्हणजे इथलं बाजा-पत्र्याचं नाचसंगीत, आणि कपडे धुण्याचं यंत्र यातला फरक ज्याला कळत नाही, तो!

हार्लन लफायेटला जाऊन लालभडक बाजा घेऊन आला. तीन रांगा, एकतीस बटणं, आणि पुढच्या बाजूला चकचकीत खड्यांनी जडवलेलं स्वतःचं नाव. मोठे वादक नाव घालतात ते गाव ओळखायला लागल्यावर. याला एक गाणं येत नव्हतं.

"नाव घातलंस ते बरं केलंस," ओझेमी म्हणाली. "शिव्या कुणाला घालायच्या ते लोकांना कळेल."

"अगं, दुकानदार म्हणाला नवशिक्याला हाच सोपा. एका रांगेच्या बाजात तेच बटण धरून भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा. सारखी दाब-ओढ, दाब-ओढ. यात शेजारच्या रांगेतून सूर घ्यायचा, भाता उलटवायला नको."

"दुकानदार नाचतो का?"

"त्याचा काय संबंध?"

"तोच संबंध, मूर्खा!"

ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात गावात कुणी पायानं ठेकासुद्धा धरत नाही. हा दिवटा मात्र तेव्हाच तबेल्यात बसून फोनवर बघत शिकला. बिचाऱ्या घोड्यांनी काय पाप केलं होतं कोण जाणे.

नाचाच्या दुपारी हॉल भरला. हार्लननं बाजा उघडला, ओझेमीनं पत्रा खरवडायला घेतला. त्याचा सूर एकही चुकला नाही, आणि जागचं माणूस एकही हललं नाही. दवाखान्याच्या खाटेवरही पाय हलवणारा म्हातारा थिओजीन खाली मान घालून गम्बोचं सूप भुरकत होता. ओझेमीला कळत होतं. सगळं कसं गुळगुळीत वाजत होतं. दाब-ओढीचा जो हिसका पायांना लागतो, तोच या शहाण्यानं पैसे मोजून घालवला होता. कोपऱ्यात विल्बर्ट मशीनच्या वायरी जोडायला लागला.

ते बघून तिचं डोकंच फिरलं. ती तरातरा बाहेर गेली आणि गाडीतून अल्सीच्या बाजाची पेटी घेऊन आली. सकाळी शिव्या घालत घालत तिनंच ती गाडीत टाकली होती.

"हा घे. आणि ते दागिन्यांचं दुकान ठेव खाली."

हार्लननं पट्ट्यात हात घातला, मधलं बटण दाबलं. नुसती हवा. पुन्हा दाबलं, ओढलं, फुस्स. दमट कपाटात त्या बटणाची आतली सुराची पट्टी गंजली होती. त्यानं आईकडे पाहिलं. अल्सीचा तो सूर हार्लननं नव्हे, तिच्या कुलपानं मारला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिला शिवी घालायला समोर कुणी सापडेना.

"बघतोस काय? ओढ!"

तो बापाचं गाणं वाजवायला लागला. धड येत नव्हतंच. दाबताना खांदा उडायचा, ओढताना मान. ते मुकं बटण आलं की गाण्याला भगदाड पडायचं. पहिल्या भगदाडाला ओझेमी कळवळली. दुसऱ्याला तिनं पत्र्यावर सणसणीत ओरखडा काढला आणि अल्सीच्या त्या सुरात ओरडली, "हेऽऽ!"

थिओजीननं वाडगा खाली ठेवला आणि बायकोचा हात धरला.

पुढच्या भगदाडाला दहा-बारा जण ओरडले, त्यापुढच्याला अख्खा हॉल. फरशीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. विल्बर्टही वायर हातात धरून ओरडत होता, गाढव कुठला.

गाणं संपलं. हार्लन घामानं निथळत होता.

"आई, कसं झालं?"

"भिकार," ओझेमी डोळे पुसत म्हणाली. "परत वाजव."