मॉनिटरला मिळालेलं नाव

वर्गात आपल्यापुढे कुणी गेलेलं मॉनिटरला खपत नसे. त्यातून पुढे जाणारी गोगलगाय असेल, तर मग विचारूच नका.

गोगलगाय म्हणजे शेवटच्या बाकावरची ती मुलगी, जिचा आवाज हजेरीलासुद्धा धड ऐकू यायचा नाही. बाईंनी गटात करायला प्रकल्प दिला होता: संख्येने थोडे असलेले लोक, त्यांचा लढा आणि त्यांचं यश. मॉनिटर ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं उचलून आली, तेवढ्यात गोगलगाय पुटपुटली, "माझ्या आईला ऐकू येत नाही. तिच्या लोकांवर करायचं का?"

बाईंचा चेहरा असा खुलला, की मॉनिटरच्या अंगाचा तिळपापड झाला. दरवर्षी पहिला नंबर काढूनही तिच्याकडे बघून बाई अशा कधी खुलल्या नव्हत्या.

शनिवारी मॉनिटर आणि गटातली तिसरी, चष्मेवाली, गोगलगाईच्या घरी गेल्या. बेल दाबली तर आवाज नाही, आत दिवा लुकलुकला. आई शिलाई मशिनवरून उठून आली आणि तिचे हात बोलू लागले. गोगलगाय भराभर अर्थ सांगत होती, खिदळत होती, मध्येच आईशी वादही घालत होती. वर्गात तोंडातून शब्द न फुटणारी हीच का ती?

आईच्या लहानपणी बहिऱ्या मुलांच्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. कुणी बोललंच, तर त्याला स्वतःच्या तळहातांवर बसायला लावत. मग मुलं संडासात जमून चोरून गप्पा मारत. मोठी झाल्यावर त्याच मुलांनी शाळेच्या फाटकाशी ठाण मांडलं आणि बंदी उठवायला लावली. आता आई दुपारी त्याच शाळेत हातांची भाषा शिकवत होती.

ऐकताना चष्मेवालीचे डोळे भरून आले. मॉनिटरचेही आले, पण ते मत्सराने.

निघताना आईने डोळ्यांभोवती बोटांची दोन कडी केली. ते चष्मेवालीचं नाव. या लोकांत प्रत्येकाला असं हातांचं नाव मिळतं, आणि एकदा मिळालं की जन्मभर तेच. मॉनिटर ताटकळत उभी राहिली.

"तुला अजून नीट ओळखलं नाही म्हणतेय," गोगलगाय म्हणाली.

मॉनिटर धुमसतच घरी आली. "आई, आपल्यावर कुणी कधी अन्याय केला नाही का गं?"

"तुझ्या बाबांशी लग्न लावून दिलं, तेवढा पुरे नाही का?" म्हणत आई भांडी विसळत राहिली.

शाळेच्या कार्यक्रमात सगळ्या गटांच्या प्रकल्पांची स्पर्धा होती. बोलणार कोण, हा प्रश्नच नव्हता. मॉनिटरच बोलणार. "मी बाजूला उभी राहून हातांनी सांगू?" गोगलगाईने विचारलं. "आई येणार आहे."

"काही नको. सगळे तुझ्या हातांकडेच बघत बसतील. हात मागे बांधून गुपचूप उभी राहा."

गोगलगाय तशी उभी राहिली. पहिल्या रांगेत तिची आई ठेवणीतले कपडे घालून बसली होती. मॉनिटरचं भाषण रंगात आलं. "या मुलांना स्वतःच्या तळहातांवर बसायला लावत," ती म्हणाली आणि तिची नजर आईवर गेली. आई तिच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती लेकीच्या मागे बांधलेल्या हातांकडे. सभागृहातल्या प्रत्येकाला आईची गोष्ट कळत होती, फक्त आईला एक शब्द कळत नव्हता.

मॉनिटरला मागे वळून "सोड हात" एवढंच म्हणायचं होतं. पण मुख्याध्यापक पुढे झुकून ऐकत होते, बाईंचा चेहरा खुलला होता, आणि सगळं सभागृह तिच्याकडे, फक्त तिच्याकडे बघत होतं.

तिने पुढचं वाक्य घेतलं.

टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं. गर्दीतून आई तिच्यापाशी आली. रागावलेली दिसत नव्हती. तिने मॉनिटरकडे बराच वेळ निरखून पाहिलं, मग लेकीला खूण केली.

"आईला तुझं नाव सापडलं," गोगलगाय खाली बघत म्हणाली.

आईने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"सोप्पंय की!" चष्मेवाली म्हणाली, आणि तिनेही हात मागे नेले.