सत्तावीस शर्टांची वाकळ

“कापू नगंस आजून,” अण्णाप्पा म्हणाले. “आधी मांडून बघ.”

चंदनबालांनी उचललेली कात्री खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या फरशीवर सत्तावीस टी-शर्ट पसरले होते. पांढरे, पिवळे, एक भडक जांभळा. प्रत्येकावर शिबिराचं गाव, साल आणि रक्ताचा थेंब छापलेला. कुठे खिशाएवढा, तर कुठे अख्ख्या पाठीवर. रक्तदान शिबिरात आपला नंबर येईपर्यंत जो साइज उरेल तो अण्णाप्पांना मिळायचा. त्यामुळे एकात दोन अण्णाप्पा मावतील, तर दुसरा डोक्यातूनच उतरणार नाही, अशी सगळी गत होती.

अण्णाप्पा मगदूम माधवनगरात यंत्रमागावर जॉबर होते. बंद पडलेला माग चालू करून देणं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. बाविसाव्या वर्षी एका कामगाराच्या बायकोसाठी त्यांनी पहिल्यांदा रक्त दिलं आणि मग ते देतच राहिले. चौऱ्याऐंशी वेळा.

गेल्या महिन्यात मिरजेच्या रक्तपेढीत ते बाही वर करून बसले, तेव्हा डॉक्टर इंद्रजितांनी त्यांचं कार्ड दोनदा बघितलं.

“काका, पासष्ट पूर्ण झाली तुम्हाला. आता नियमानं घेता येत नाही.”

“तब्येत ठणठणीत हाय की माजी.”

“आहेच. पण नियम आहे.”

अण्णाप्पांनी बाही खाली घेतली, मनगटाचं बटण लावलं आणि ते बसने घरी आले. आल्या आल्या बायकोला म्हणाले, “ते कपाटातलं शर्ट दिऊन टाक कुणाला तरी. मागाचं तेल पुसाय हुतील.”

चंदनबालांनी ते कुणाला दिले नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी शर्ट बाहेर काढले ते वाकळ शिवायला.

त्यांचा बेत साधा होता. सगळ्यांचे सारखे चौकोन कापायचे आणि जोडायचे. पण सारखा चौकोन धरला की पाठीवरच्या मोठ्या छापाचं गाव तरी उडत होतं नाहीतर साल. लहान छापाभोवती नुसतं मोकळं कापड राहत होतं.

“ह्येचं सालच गेलं की,” अण्णाप्पा म्हणाले. त्यांनी लोखंडी पट्टी आणली, जुनी वर्तमानपत्रं आणली आणि मांडी घातली. “सगळं चारच्या पाढ्यात बसव. आठ, बारा, सोळा इंच. तुकडा लहान आसूदे न्हाईतर मोठा, चारनं भाग गेला की शेजारचा बरोबर बसतोय.”

“आन शिलाईत जानारं?”

“चारी कडंला अर्दा इंच जादा धर.”

“आवं, पर ह्ये कापड वडलं की लांबतंय. तुमचा चारचा पाढा मशीनखाली पाच हुईल.” हे अण्णाप्पांना सुचलं नव्हतं. चंदनबालांनीच तोडगा काढला. प्रत्येक तुकड्याला मागून धोतराचं जुनं कापड आधी टाचून घ्यायचं, मग कापायचं.

छापांच्या मापाने कापलेले वर्तमानपत्राचे सत्तावीस तुकडे तीन दिवस फरशीवर सरकत राहिले. दिवस मावळायच्या आतलं जेवण दोघं बाहेरच्या सोप्यात बसून उरकायचे. पहिल्या मांडणीत मोठे तुकडे सगळे एका अंगाला आले. “कलंडल्यागत दिसतीया,” चंदनबाला म्हणाल्या. दुसऱ्यांदा जांभळा मध्ये घेतला, मोठे चारी बाजूंना पांगवले. आता मांडणी जमली. पण मोठ्या-लहानाच्या सांध्यांत अकरा जागा रिकाम्या राहिल्या, चार बाय आठच्या.

“तितं कायबी रंगीत लाव,” अण्णाप्पा म्हणाले.

“शिबिरातलं सत्तावीस झालं. बाकीचं सत्तावन्न?”

“त्याला कुटं शर्ट मिळत हुतं? दवाखान्यातनं सांगावा आला की जायाचं.”

चंदनबाला उठल्या. ट्रंकेतून त्यांनी अण्णाप्पांचे कामावरचे खाकी शर्ट काढले, तेलाचे डाग चुकवून एक पट्टी कापली आणि जांभळ्याच्या वरच्या रिकाम्या जागेत ठेवली.

“ही पावण्यांची.”

अण्णाप्पा हसले. त्या दिवशी त्यांच्या मुलीला, कीर्तीला, बघायला पाहुणे आले होते आणि मुलीचा बाप मिरजेत खाटेवर पडून मूठ उघडझाप करत होता. दोन तासांनी घरी आला, तो दंडाला पट्टी लावून.

“चार दिवस बोलली न्हवतीस.”

“काय बोलू? तीनदा च्या पाजला पावण्यांस्नी. तुमचा मागमूस न्हाई.” त्यांनी दुसरी पट्टी कापायला घेतली. “सासरा तिचा आजूनबी सांगतोय सगळ्यांस्नी. व्याही रगत दिऊन आलं, म्हनून पोरगी पसंत केली म्हनं.”

हे अण्णाप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग उरलेल्या दहा पट्ट्या त्यांनी स्वतः ठेवल्या, सत्तावन्नांतल्या आठवतील त्यांच्या नावाने. एक बाळंतिणीची. एक उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेल्या ड्रायव्हरची. एक ठेवताना म्हणाले, “हा वाचला न्हाई.” ती पट्टीही त्यांनी नीट सरळ केली.

वाकळ दीड महिन्यात पुरी झाली. डॉक्टरांना दाखवायला म्हणून दोघं ती मिरजेला घेऊन गेले. डॉक्टर इंद्रजितांनी तिच्यावरून हात फिरवला.

“मांडणी कुणाची, काका?”

“निम्मी तिची,” अण्णाप्पा म्हणाले.

पलीकडच्या खाटेवर कॉलेजातली एक मुलगी, साक्षी, पहिल्यांदाच रक्त देत होती. हॉल थंडगार होता आणि तिची हनुवटी थरथरत होती. चंदनबालांनी कुणाला विचारलं नाही. वाकळ उलगडली आणि तिच्या पायांपासून कमरेपर्यंत घातली.

“आजी, नवी हाय ओ ही.”

“आसूदे. पांघरायलाच केलीया.”

साक्षीने छापलेली गावं आणि सालं वाचली. मग मान वळवली.

“आजोबा, ह्ये सगळं तुमी दिलंय? मग आज न्हाई देणार?”

“माजं दिऊन झालं, बाळ,” अण्णाप्पा म्हणाले. “तू मूठ मीट. आता उगड. सावकाश.”

वाकळ घसरू नये म्हणून त्यांनी तिची कड एका हाताने धरली आणि पिशवी भरेपर्यंत ते खाटेशी ताठ उभे राहिले.