सहा आकडे, दहा मिनिटं

अब्बांच्या दुकानाचा जीएसटीचा नंबर काढताना मी एक चूक केली होती. दोन हजार सतराचा जून होता. मी अकोल्याहून चार दिवसांच्या रजेवर अमडापूरला आले होते आणि आमच्या फवारणी पंपांच्या दुकानाचा जुना नंबर नव्या करात न्यायचा होता. अर्जात मोबाइल विचारला तेव्हा अब्बांचा फोन दुरुस्तीला गेलेला होता. मी माझा नंबर टाकला. नंतर बदलू, म्हटलं.

तो बदलला गेलाच नाही. त्यामुळे कर भरायची वेळ आली की अब्बा अमडापूरला दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसत आणि ओटीपी माझ्या फोनवर अकोल्याला येई. छोट्या दुकानदारांच्या योजनेत तीन महिन्यांतून एकदा कर भरायचा असतो, अठरा तारखेच्या आत. ओटीपीचे सहा आकडे दहा मिनिटं चालतात. दुपारी साइट अडते म्हणून अब्बा पहाटेच्या, फजरच्या नमाजनंतर दुकान उघडत, आणि माझा फोन वाजे.

"सबीहा, आला का?"

"आला. सात."

"सात. हां, समोर."

"शून्य."

"शून्य. हां, समोर."

एका बोटाने ते आकडा दाबत आणि 'समोर' म्हणत पुढचा मागत. मला सहाही आकडे एका दमात सांगता आले असते, पण ते तसं चालू देत नसत. आकडे संपले की "झालं" म्हणत आणि त्यानंतर खरं बोलणं सुरू होई. घरात आम्ही आमची हिंदी-उर्दू बोलतो, पण या फोनवर अब्बा वऱ्हाडीत बोलत. उलाढाल, तिमाही, वावर, फवारा या गोष्टी त्यांच्या डोक्यात वऱ्हाडीतच असाव्यात.

बीटी कापूस आला तेव्हा मी शाळेत होते. आता बोंडअळीला फवारा लागणार नाही, असं सगळे म्हणत. पहिली काही वर्षं खरंच पंप पडून राहिले. अब्बा रिकाम्या दुकानात स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करत, आणि गाड्या भरभरून जाणारा कापूस पाहून खूशही असत. मग तुडतुडे वाढले, पांढरी माशी आली आणि शेवटी बोंडअळीही परत आली, गुलाबी. दुकान पुन्हा चालू लागलं. जीएसटीतली आमची पहिली पूर्ण तिमाही तोवरची सगळ्यात मोठी होती. विक्रीचा आकडा अब्बांनी मला फोनवर सांगितला.

"चांगली गेली की तिमाही," मी म्हटलं.

"आपली चांगली गेली म्हंजे समज, वावरात काहीतरी बिघडलं," ते म्हणाले.

त्याच पावसाळ्यानंतर यवतमाळकडून फवारणीत माणसं गेल्याच्या बातम्या आल्या. अब्बांनी तेव्हापासून दुकानात एक नियम केला. नवा पंप घेणाऱ्याने दुकानातच मास्क, चष्मा आणि हातमोजे घालायचे, पंपात साधं पाणी भरायचं आणि ओट्यापाशी लावलेल्या लिंबाच्या झाडावर फवारून दाखवायचं. मगच पावती फाडायची. मास्क-मोज्याचे पैसे अब्बा घेत नसत. लोक हसत, पण घालत. ज्या तिमाहीत कर जास्त, त्या तिमाहीत लिंबूही हिरवंगार.

गेल्या वर्षीच्या जुलैत अब्बांचा फोन आला तेव्हा मी काम करते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात तपासणीची माणसं बसलेली होती. त्या दिवशी अब्बांनाही उशीर झाला होता. अकरा वाजून गेले होते. मी फोन कापला, सहा आकडे मेसेजमध्ये टाकले. थोड्या वेळाने उत्तर आलं: "मिळाला." संध्याकाळी फोन करू म्हटलं आणि तपासणीच्या कागदांत ते राहून गेलं. नंतर आमचं बोलणं झालंच नाही असं नाही. पण ते इकडचं तिकडचं.

नऊ ऑगस्टला दुपारची नमाज पढून अब्बा दुकानात आले, बाकावर बसले आणि बसल्याजागीच गेले.

ऑक्टोबरात मी पुन्हा अमडापूरला गेले. अठरा तारखेला दोन दिवस होते. चिखलीच्या करसल्लागारांना फोन केला. अब्बा त्यांना वकीलसाहेब म्हणत.

"ओटीपी तुमच्याच फोनवर येतो ना, मॅडम?" ते म्हणाले. "मग या वेळचा भरून टाका. पोर्टलला काय कळतं, माणूस आहे का नाही? बंद करायचं का काय, ते सावकाश ठरवा."

त्यांनी माझा त्रास वाचवण्यासाठीच सांगितलं होतं. ऐकताना मला बरंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुकानात तुळशीराम होता. बावीस वर्षं तो इथे पंप दुरुस्त करतो. अब्बा गेल्यावर ऐन फवारणीत दुकान त्यानेच उघडं ठेवलं. मी पोहोचले तेव्हा बॅटरीचा पंप घ्यायला उकंडराव आले होते. आमचं जुनं गिऱ्हाईक.

"मास्क घाला आंधी," तुळशीराम त्यांना म्हणाला.

"अरे, घरी जाऊन घालतो न."

"घरी नाही घालत तुम्ही. मालकाचा नियम हाय. घाला."

उकंडरावांनी मास्क चढवला, चष्मा लावला, माझ्याकडे वळून म्हणाले, "आता मायी घरवाली ओळखन का मले?"

"नाही ओळखलं तं फायदाच हाय तुमचा," तुळशीराम म्हणाला.

उकंडरावांनी हसत लिंबावर पाणी मारलं. झाडाखालची माती ओली होती. रोज कुणी ना कुणी मारत असावं. ते गेल्यावर तुळशीराम हात पुसत माझ्यासमोर उभा राहिला.

"सबीहा, एक इचारू? दुकान बंद करून राह्यली का तू?"

"ठरलं नाही काही."

"ठरलं की सांगजो आंधी. माह्या जावयाचं गॅरेज हाय साखरखेर्ड्याले. तो कवाचा बोलावून राह्यला."

तुळशीराम हे अगदी सहज बोलला. पण नंबर बंद झाला की कंपन्या आम्हाला पंप देणार नाहीत, आणि पंप नाहीत तर दुकान नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

मी कॉम्प्युटर सुरू केला. पासवर्ड टाकल्यावर वर उजव्या कोपऱ्यात अब्बांचं नाव आलं, नेहमीसारखं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. या तिमाहीतले चाळीस दिवस अब्बांचे होते, बाकीचे कुणाचेच नव्हते. तुळशीरामच्या पावत्यांवरून विक्री भरली. शेवटी एक चौकट आली: वरची माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे, असं मी प्रतिज्ञेवर सांगतो. खाली सही करणाऱ्याचं नाव निवडायचं होतं. यादीत एकच नाव होतं.

चौकटीत टिक केली असती तर सहा आकडे माझ्या फोनवर आले असते. आणखी तीन महिने, कदाचित आणखी वर्षभर, एका ठिकाणी तरी अब्बा वेळेवर कर भरत राहिले असते. त्या क्षणी मला हे फार हवं होतं.

मागे वळून मी विचारलं, "तुळशीरामकाका, अब्बा नसताना माल यायचा, तेव्हा पावतीवर त्यांची सही तुम्ही करायचे?"

"नाही बाप्पा. एकडाव केली होती. त्याईनं गाडीवाल्याले चिखलीच्या रस्त्यावरून वापस बोलावलं. म्हणे, ज्याची सही त्यानंच कराव." तो हसला. "गाडीवाला लय शिव्या देऊन राह्यला होता."

मी पान बंद केलं आणि घरी गेले.

अम्मी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या काळात होती. चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडणार नव्हती. ती जानेफळची, तिची वऱ्हाडी अब्बांपेक्षा पक्की, आणि दुकानाचं बोलणं निघालं की तीही वऱ्हाडीतच बोले. तांदूळ निवडता निवडता तिने माझं सगळं ऐकून घेतलं. अब्बा गेल्याचं कळवावं लागेल, त्यांचा नंबर बंद होईल, आणि दुकान ठेवायचं असेल तर नवा नंबर तिच्या नावाने काढावा लागेल, असं मी तिला सांगितलं.

"माह्या नावानं? मले काय समजते त्यातलं?"

"समजायला मी आहे."

"मंग तुह्याच नावानं कर."

"मी अकोल्याला असते, अम्मी. दुकान इथं आहे."

तिने दोन खडे काढून बाजूला ठेवले. "तुळशीराम काय म्हणते?"

"जावयाच्या गॅरेजवर जाईन म्हणतो."

"जावयाच्या दारी जाऊन बसते का या वयात? त्याले म्हण, इज्जत जाईन. इथंच बस म्हण गुमान." मग म्हणाली, "कर माह्या नावानं."

मी लॅपटॉप तिथेच उघडला. नवा अर्ज. नाव, गाव, आणि मग मोबाइल नंबर.

"तुहाच दे," अम्मी म्हणाली. "सात वर्षं तुहाच होता न."

"तो चुकून दिला होता. अब्बांना किती वेळा म्हटलं बदलून घ्या. दर वेळी म्हणायचे, राहू दे."

"बदलून द्याले तो चिखलीचा वकील आला होता एकडाव. अर्ज-बिर्ज घेऊन. त्याईनं त्याले चहा पाजला आन् वापस पाठवला."

"का?"

"मले काय मालूम काऊन," अम्मी म्हणाली आणि सुपातले तांदूळ झटकू लागली.

मी बराच वेळ त्या रिकाम्या रकान्याकडे पाहत होते. मग तिथे अम्मीचा नंबर लिहिला. या वेळी चुकून नाही.

नवा नंबर यायला दहा-बारा दिवस लागले. तो आला त्या दिवशी अब्बांच्या खात्यात जाऊन बंद करण्याचा अर्ज भरला. कारणांची यादी होती: धंदा बंद, धंदा विकला, आणि त्यातच एकमेव मालकाचा मृत्यू. ते निवडलं, मृत्यूचा दाखला जोडला, आणि सहीच्या जागी या वेळी वारस म्हणून माझं नाव होतं. सहा आकडे माझ्या फोनवर आले. मीच पाहिले, मीच भरले. अर्ध्या मिनिटात काम झालं. अब्बांच्या चाळीस दिवसांचा आणि पुढच्या दिवसांच्या विक्रीचाही कर वारस म्हणून नंतर भरला. तारीख उलटल्याचा दंड पडला. वकीलसाहेब म्हणाले, उगाच पडला. मी हो म्हटलं.

तुळशीराम दुकानातच राहिला. अम्मीचा निरोप मी त्याला शब्दशः सांगितला होता.

जानेवारीत नव्या नंबराची पहिली तिमाही भरायची होती. अठरा तारखेला मी अकोल्याला पहाटे उठून बसले. विक्रीचा आकडा तुळशीरामने कळवला होता. लहान होता, नोव्हेंबर-डिसेंबरात पंप कोण घेतो. चौकटीत टिक केली, बिलकिस हे अम्मीचं नाव निवडलं आणि अमडापूरला फोन लावला.

"अम्मी, आला का?"

"थांब, चष्मा शोधून राह्यली." भांड्यांचा आवाज, मग दार. "हां. हे कायचं हाय, बँकेचं हाय का?"

"बँकेचं नाही, त्याच्या वरचा. सहा आकडे आहेत बघ."

"हां, हाय. चार... तू काही खाल्लं का?"

"अम्मी, दहा मिनिटंच चालतो तो."

"दहा मिनिटं लय असतात. खाल्लं का नाही?"

"चहा घेतला."

"नुसता चहा. इथं लिंबाले फुलं आली बरं. काल दुकानात जाऊन पाहून आली मी. तुळशीराम पाणी देते... हां, तं चार झाला न?"

माझं बोट चारवर होतं.

"चार," मी म्हटलं. "हां, समोर."