आधी माणसाचा दोर

कुंडलच्या अंगणवाडीवर चिंचेची जाडजूड फांदी चिरून कलली होती. वारा आला की ती करकरायची आणि सरपंच दीपमालाताई पंचायतीतून बाहेर धावत यायच्या. पोरं देवळात बसत होती. त्यांच्या आया ग्रामपंचायतीत येऊन विचारत, “ताई, फांदी कवा निघायची?”

अखेर पलूसहून क्रेन आली. चालवणारे मानसिंगराव फौजेतून निवृत्त झालेले. झाडावर चढला गावचाच शमशेर. झाडं उतरवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता.

क्रेनच्या हुकाचा पट्टा त्यानं फांदीला आवळला आणि आपल्या कमरपट्ट्याचा दोरही त्याच फांदीला बांधला. करवत सुरू करणार, तोच खाली क्रेनचं इंजिन बंद झालं.

“काय झालं वं?” शमशेर वरून ओरडला.

“तुझा दोर फांदीवरनं सोड. खोडाला बांध!”

“आवं, फांदी क्रेननं धरलीय की! पडतीय कुठं?”

“पडायची न्हाई, पण उडंल. कुठं वळंल ते माझ्या हातात न्हाई. तिच्यासंगं तू बी जाशील.”

आभाळ भरून येत होतं. दीपमालाताईंना राहवेना. “मानसिंगराव, वाद नंतर घाला. शमशेर काय आज पहिल्यांदा चढलाय?”

जमलेली माणसंही ओरडली, “उरका, उरका!”

मानसिंगराव केबिनमधून खाली उतरले. “ताई, क्रेन आली म्हंजी माणूस आपोआप सुखरूप ऱ्हात न्हाई. क्रेननं माणूस वर न्यायचा, तर त्याचा दोर हुकाच्या वर, वेगळ्या कडीला. झाडावर पोचला की दोन दोर शाबूत खोडाला, एक करवतीनं तुटला तर दुसरा हाय म्हणून. मग क्रेनला बांधलेला त्याचा दोर सोडायचा. कापताना क्रेननं लाकूड धरायचं, माणूस न्हाई! घाई असंल तर दुसरी क्रेन बोलवा. पण काय झालं, तर त्याच्या बायकोला, मेहरुनबीला, तुमीच जाऊन सांगा.”

दीपमालाताई बाजूला सरकल्या. शमशेरनं कुरकुरत दोर सोडला आणि दोन दोरांनी स्वतःला खोडाशी बांधून घेतलं. इंजिन सुरू झालं. करवत घरघरली.

कडाड! फांदी सरळ वर गेलीच नाही. गर्रकन फिरली आणि कुंपणाच्या भिंतीवर जाऊन आदळली. अख्खी क्रेन हादरली. दीपमालाताईंनी डोळे गच्च मिटले.

उघडले, तर शमशेर खोडाला बिलगून उभा होता. जिवंत होता! मघाशी त्यानं दोर बांधला होता, फांदीच्या नेमक्या त्या जागी विटांचा चुरा रुतला होता.

तो खाली उतरला. “मानसिंगराव, लय चुकलो वं.”

“तू एकटा न्हाई चुकलास,” दीपमालाताई म्हणाल्या. “मीच तुला ढकलत होते.”

त्याच चिंचेची आणखी एक चिरलेली फांदी अंगणवाडीवर उरली होती. वारा सुटला, गर्दीतून पुन्हा कुणीतरी ओरडलं, “उरका की!”

“कोण म्हणतंय उरका?” ताई गर्रकन वळल्या. “त्यानं वर चढून बघावं! आज काम बंद. वारा पडला की उद्या बघू. पोरं आणखी एक दिस देवळात बसतील!”

मंडळी, काम आपलं असतं, पण फांदीवर जीव दुसऱ्याचा लटकलेला असतो. खाली उभं राहून ‘उरका’ म्हणण्याआधी मान वर करून एवढंच बघावं, त्याचा दोर कशाला बांधलाय!